थाप पडली की सोडायचं

राऊळ मास्तर जेवताना ‘पुरे’ असं कधी म्हणत नसत. वाढणारी बाई भात घेऊन वाकली, की ते ताटाशेजारी जमिनीवर तळहाताने थाप मारत आणि खाली मान घालून जेवत राहत. बाई नवखी असली तर तिला काही कळत नसे, ती वाढून मोकळी होई. मग मास्तर वर बघत. त्या बघण्यात राग नसे, नवल असे. थाप मारूनही माणूस थांबत नाही, हे त्यांना पटतच नसे. केस कापणारा, चहा ओतणारा, बडबड्या शेजारी, सगळ्यांना त्यांची तीच थाप. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू, कपाळावर हात मारून म्हणायच्या, “ह्यांच्यावांगडा संसार करूचो म्हणजे कान जमनीक लावन बसूचा!”

ही सवय जुजुत्सूची. मास्तर मालवणकडचे, तरुणपणी बोटीवर खलाशी होते. एका जपानी बंदरात बोट दुरुस्तीसाठी अडकून पडली, तेव्हा धक्क्याजवळच्या आखाड्यात एका म्हाताऱ्याने त्यांना ही विद्या दिली. पुढे बोट सुटली, मास्तर लालबागच्या एका गिरणीत लागले आणि रविवारी सकाळी परळच्या एका व्यायामशाळेत शिकवू लागले. काथ्या भरून शिवलेल्या गाद्या आणि जाड ड्रिलचे डगले, एवढाच सरंजाम. मी तेव्हा परळमध्येच एका इस्पितळात नर्स होते. आम्ही तिघी मैत्रिणी देवळात जातो असं सांगून तिथे जायचो. आमच्या मेट्रनबाईंना देवधर्माचं फार कौतुक होतं.

जुजुत्सू म्हणजे पाडापाडी, अशी माझी समजूत होती. मास्तरांना पाडण्यात रस नव्हता. पाडल्यावर वर कसं राहायचं, हा त्यांचा विषय. खालच्याच्या छातीवर आडवं पडायचं, त्याचा हात कोपरात दुमडून कोयत्यासारखा वळवायचा. किंवा पोटावर मांड ठोकायची आणि त्याच्याच डगल्याच्या कॉलरने त्याचा गळा आवळायचा. “जोर नको, वजन दी,” ते म्हणायचे. “आधी वजन, मगे हात, मगे कुलूप.” कुलूप लागलं, म्हणजे हात किंवा गळा पक्का अडकला, की खालच्याने गादीवर थाप मारायची आणि वरच्याने त्याच क्षणी सोडायचं. एरवी मऊ बोलणारे मास्तर इथे कडक होत. एका धिप्पाड गड्याने आम्हा बायकांसमोर मिरवायला म्हणून थाप पडल्यावरही जोडीदाराचा हात धरून ठेवला. मास्तरांनी त्याच्या अंगातला डगला काढून घेतला आणि त्याला दार दाखवलं. “वरच्याक दोनच कामा,” ते आम्हाला म्हणाले. “वजन देवचा आणि आयकूचा. थाप पडली काय सोडूचा. इचार मागसून.”

आम्हाला डाव दाखवायचा झाला की मास्तर किसनला बोलवत. किसन नायगावच्या पोलीस चाळीत राहायचा, शिपाई होता. अंगाने रुंद, बोलायला लाजरा. तो वर, मास्तर खाली. म्हातारा एवढं वजन छातीवर घेऊन आम्हाला शांतपणे समजावून सांगत असे आणि मध्येच थाप मारे. किसन असा सुटा होई की जणू गादीचा चटका बसला. शिकायला येणाऱ्या कुणीतरी एकदा किसनच्या जातीवरून नाक मुरडलं. मास्तर म्हणाले, “हय माणसाक माणसाचो घाम लागता. चलना नाय तेना लेझीम खेळूक जावचा.” त्यांना मूलबाळ नव्हतं. किसनसाठी वहिनी सोलकढी राखून ठेवत, यावरून काय ते समजावं.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. भिंती घोषणांनी भरल्या, मोर्चे निघू लागले. मास्तर कोणत्या पक्षाचे नव्हते, तरी जायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, “बोटीर सगळे इचारीत, खयचो रे तू? मी सांगी, मुंबैचो. आता म्हणतत मुंबैच आमची न्हय. मगे मी खयचो?” किसन बंदोबस्ताला असे. रविवारी दोघे त्याच गादीवर भेटत आणि मोर्च्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

एका दुपारी लालबागच्या रस्त्यावर लाठ्या चालल्या आणि मास्तरांना आमच्या वॉर्डात आणलं. डोक्याला मार होता. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. लालबागभर एकच बोललं जात होतं, की किसनने भर रस्त्यात गुरूला पाडलं आणि त्यांच्या उरावर बसला. पाहणारे खोटं बोलत नव्हते. मीही ते खरं मानलं होतं.

किसन इस्पितळाच्या मागच्या व्हरांड्यात मला भेटला. डोळे सुजलेले.

“ताई, मीच पाडलं त्यांना. लाठ्या चालू झाल्या आणि मास्तर मधोमध सापडले. म्हटलं, यांना खाली घेऊ, आपण वर राहू. माझ्या अंगावर वर्दी, माझ्या पाठीत कोण घालणार? छातीवर आडवा पडलो, त्यांचं डोकं काखेत झाकून घेतलं. त्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यांनी थाप मारली.”

“आणि तू सोडलंस?”

“कधी सोडलं तेच कळलं नाही, ताई. उठून उभा होतो. मास्तर उठायला लागले आणि लाठी बसली.” तो भिंतीला टेकून खाली बसला. “त्या दिवशी ऐकायला नको होतं मी.”

मास्तरांना लालबागच्या चाळीत घरी सोडलं. मी अधूनमधून जायचे. व्यायामशाळेत गाद्या भिंतीला उभ्या होत्या, कारण किसनशिवाय शिकवणारं कुणी नव्हतं आणि किसन परळ-लालबागेत पाऊल टाकत नव्हता. खाटेवरून मास्तरांचा प्रश्न ठरलेला, “किसन इलो?” शेवटी मी त्यांना सगळं सांगितलं, उरावर कोण होतं आणि कशासाठी तेही. 

“माका वजन वळाखूक होया होता,” ते म्हणाले. “इतकी वर्सा ह्याच वजन माझ्या उरार पडता. चूक माझी, बाय. तेका घेवन ये.”

घेऊन येणं सोपं नव्हतं. मी नायगावला कितीदा गेले, त्याची बायको दारातून सांगायची, घरी नाहीत. आत त्याच्या चपला दिसायच्या. पुढे राज्य झालं, लालबागेत दिवे लागले, पेढे वाटले गेले, त्यानंतर एका रविवारी तो साध्या कपड्यांत माझ्याबरोबर आला. जिन्यातले लोक वाटेतून हलले नाहीत. खोलीत येऊन तो दाराशीच उभा राहिला. मास्तरांनी वहिनींकडून जमिनीवर चटई घालून घेतली. आम्ही दोघींनी त्यांना खाली निजवलं.

“बस वर,” मास्तर म्हणाले.

“नाही जमणार, मास्तर.”

“वजन दी.”

किसन त्यांच्या छातीवर आडवा झाला. निम्मं अंग गेलेला तो म्हातारा त्याच्याखाली जवळजवळ दिसेनासा झाला. मला नर्स म्हणून ओरडायचं होतं, पण वहिनींनी माझा हात धरला. मग मास्तरांचा डावा तळहात जमिनीवर पडला आणि किसन चटकन सुटा झाला.

“आयकाक येता मा अजून? मगे झाला. रविवारी गाद्यो घाल.”

“त्या दिवशी ऐकलं नसतं, तर आज तुम्ही चालत असता.”

“आयकलं नसतंस, तर मी तुका शिकयलंय काय?”

किसन त्यांच्या पायाशी डोकं ठेवून रडला. मला मात्र मास्तरांचं हे म्हणणं आजही पटलेलं नाही. किसन न ऐकता तसाच पडून राहिला असता, तर मास्तरांनी आणखी कितीतरी माणसं शिकवली असती. हे मी त्यांना कधी बोलले नाही. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं, की बोलणं शक्यच नव्हतं.

गाद्या पुन्हा पडल्या. मास्तरांना खुर्चीतून नेत, ते डाव्या हाताने चुका दाखवत. फार दिवस नाही. गणपती गेल्यावर त्यांना मेंदूचा झटका आला आणि त्याच सकाळी ते गेले.

किसन बंदोबस्तावरून वर्दीतच धावत आला. या वेळी जिन्यातल्या लोकांनी वाट दिली. मास्तरांना जमिनीवर त्याच चटईवर ठेवलं होतं. तो त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसला, मग हळूहळू पालथा झाला, कपाळ फरशीला लागलं. आणि त्याचा उजवा तळहात फरशीवर आपटू लागला. थांबला, पुन्हा आपटला. बायका म्हणाल्या, दुःखाने हात आपटतोय, धरा त्याला. मी कुणाला धरू दिलं नाही. तो काय मागत होता ते त्या खोलीत मला आणि वहिनींनाच कळत होतं, आणि आमच्या दोघींच्याही हातात ते नव्हतं. मास्तर असते तर पहिल्याच थापेला त्यांनी सोडलं असतं.