मेंढा मेला, भाग दुसरा अडला

दुसरा भाग लिहायला बसलं की पानं जमत नाहीत, किस्से जमतात! माझी तीन वर्षं अशीच गेली. कुणी "कुठवर आलं?" विचारलं की मी एखादा किस्सा सांगून वेळ मारून नेते. आता पुस्तकापेक्षा किस्सेच जाड झालेत.

मी बारामतीत हायस्कूलला विज्ञान शिकवते. हौसेनं मुलांसाठी 'कालव्याखालचं राज्य' लिहिलं. नायिका रेवू, वय तेरा, आणि तिचा बोलणारा मेंढा, भुंड्या. शेवटी पाताळातलं काळं पाणी वर येऊ नये म्हणून भुंड्या डोक्यानं कालव्याचं दार अडवून धरतो आणि मरतो. चांगल्या पुस्तकात शेवटी कुणीतरी मेलंच पाहिजे, असा माझा तेव्हा समज होता! आता भुंड्या नाही म्हटल्यावर रेवू दुसऱ्या भागात एक पाऊल पुढं टाकायला तयार नाही.

*

पुस्तक छापलं तात्यांच्या प्रेसमध्ये. तात्या मूळचे लग्नपत्रिकावाले. महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या की शेवटची पानं सुटतायत. मी एक प्रत घेऊन तरातरा गेले.

तात्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "मॅडम, लग्नपत्रिका कुणी दोनदा उघडत न्हाय. तुमचं पुस्तक लोकं एवढ्यांदा वाचत्याल, हे मला कोण सांगणार?"

भांडायला गेलेली मी चहा पिऊन खुशीत परत आले!

*

पणदऱ्याहून एका बाईंचा फोन आला. "पोरगी सकाळपासनं जेवली न्हाय. तुमचा मेंढा मेलाय म्हणं."

"अहो, तो काल्पनिक आहे."

"ते मला कळतंय ओ! तिला सांगा की."

फोन मुलीकडं गेला. सहावीतली होती. मी तिला त्याग, बलिदान, गोष्टीची गरज, सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारायचाच हुता, तर त्याला नाव कशाला दिलं?"

त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही.

*

मग मी स्टाफरूममध्ये सल्ला मागितला. ही माझी घोडचूक!

इंग्रजीचे सर म्हणाले, "जुळा भाऊ आणा." चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "सीरियलमध्ये प्लास्टिक सर्जरी करून आणतात." मी म्हटलं, "मेंढ्याची?" गणिताचे सर इतका वेळ वह्या तपासत होते. ते मान वर न करता म्हणाले, "मेलेला उठवणार असाल, तर नववीला सजीवांचा धडा मी शिकवतो."

तेव्हापासून मी हट्टाला पेटले. मेला म्हणजे मेला. मागं फिरायचं नाही.

*

इंदापूर रस्त्याला आमच्या ओळखीच्या बापूरावांचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. निदान भुंड्याचं मरण तरी बरोबर लिहिलंय का, हे विचारायला मी त्यांना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. ते ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत ऐकत होते.

"दार एकट्यानंच धरलं?"

"हो."

"मग बाकीची मेंढरं कुठं गेली हुती?"

बाकीची मेंढरं मी दुसऱ्या प्रकरणातच विसरले होते!

बापूरावांनी ट्यूब बाहेर काढली. "मेंढरू एकटं कधी ऱ्हात न्हाय, मॅडम. त्याला तुमी एकटं पाडलंय."

*

सुट्टीत अंथुर्ण्याला सासरी गेले. लिहिलेली पाच प्रकरणं रागानं बंबात घालायला निघाले, तर सासरे आडवे आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. सगळी हयात उसात गेलेली.

"काय जाळतीस?"

"दुसरा भाग. जमत नाही, आबा."

"म्हंजी खोडवा की गं! एकदा ऊस तोडला, की त्याच बुडक्यातनं दुसरं पीक घ्यायचं. खोडव्यात उसाचा वाळला पाला, पाचट, जाळायचं न्हाय, सरीतच कुजू द्यायचं. त्याच्यावरच पुढचं पीक पोसतंय."

मला भरूनच आलं. घरात इतकं माझ्या मनातलं कुणी बोललंच नव्हतं. आबांनी कागद काढून घेतले आणि दोन दिवस ओसरीवर बसून वाचले. तिसऱ्या दिवशी गठ्ठा परत दिला.

"चार प्रकरणं कुजत्याल. पाचवं न्हाय कुजायचं. निव्वळ दगुड हाय!"

*

आणि आता हा शेवटचा. लासुर्ण्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेतून सरांचा फोन आला. "मॅडम, मुलांशी बोलायला या. आमच्याकडं तुमची एकच प्रत आहे, पण सगळ्या शाळेनं वाचलीय. शेवटी सगळी मेंढरं धावून येतात ना, तिथं तर मी रडलोच."

मी मनात म्हटलं, झालं! सरांनी पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही, उगाच कौतुक करतायत. तरी गेले. जाताना ठरवलं होतं, मुलांना सरळ सांगून टाकायचं की दुसरा भाग काही होत नाही, वाट बघू नका.

मी तोंड उघडायच्या आत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, भुंड्या बरा झाला की परत दार धरणार का?"

"बाळा, भुंड्या मेला ना शेवटी."

सगळा वर्ग खो खो हसला. मागून एकजण ओरडला, "मॅडम, तुमी तुमचं पुस्तक नीट वाचलेलं न्हाय!"

सरांनी कपाटातून प्रत आणली. तात्यांच्या कृपेनं शेवटची आठ पानं गायब होती. त्यांच्या जागी वहीची आठ पानं पोतं शिवायच्या सुतळीनं पक्की टाचलेली होती. निळ्या पेनानं, गोल अक्षरात लिहिलेली. पान नंबरसुद्धा पुढचेच टाकलेले.

मी तिथंच खुर्चीवर बसून वाचायला लागले. काळं पाणी दाराशी येतं. भुंड्याचे पाय लटपटतात. तेवढ्यात रेवू हाळी देते आणि रानातली सगळी मेंढरं येऊन त्याच्या अंगाला अंग लावून उभी राहतात. दार पडत नाही. सकाळ होते. भुंड्याला धाप लागलीय, डोकं फुटलंय, पण कोकरू त्याचा कान चाटतंय.

माझे डोळे भरून आले. "हे कुणी लिहिलं?"

सर माझ्याकडं बघत होते, मुलं एकमेकांकडं.

मी पान उलटलं. शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या.

"इथून पुढचं मॅडम लिहितील. त्यांना जमंल."