उजव्या कानाचा साचा

हे दयाघना, भक्तीच्या नऊ पायऱ्यांपैकी पहिली पायरी तू श्रवणाची ठेवलीस. तुझ्या घराचा उंबरठाच कानाचा केलास. मग ज्या लेकराच्या कानापर्यंत तुझे नावच पोहोचले नाही, त्याने तुझ्या घरात कोणत्या दाराने यावे? ही तक्रार नव्हे, देवा. हा लेकराचा हट्ट आहे. तो तुझ्या पायांशी ठेवावा, आणि मग हाच प्रश्न जन्मभर उराशी बाळगणाऱ्या एका साध्यासुध्या बाईची कथा सांगावी.

तिला सगळे साचेताई म्हणतात. श्रवणयंत्रांच्या दवाखान्याच्या मागे एक अरुंद खोली आहे. एक खिडकी, एक लांब टेबल, पॉलिशचे चाक आणि उथळ खणांचे एक कपाट. यंत्र कानात घट्ट बसावे म्हणून ज्याच्या त्याच्या कानाचा साचा घ्यावा लागतो, आणि तो घेण्यात ताईंचा हात धरणारे कोणी नाही. आधी दोरा बांधलेला कापसाचा छोटा बोळा कानात आतवर सरकवायचा. मग पिचकारीने गुलाबी लगदा भरायचा. मग पाच मिनिटे थांबायचे. लगदा घट्ट झाला की हळूच फिरवून बाहेर काढायचा, आणि त्याच्यावरून पुढचा पारदर्शक साचा घडवायचा. कपाटात असे शेकडो कान आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. यंत्रे दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका नव्या माणसाला हमखास बजावतात, "या कपाटासमोर जपून बोला हं. आठशे कान आहेत आत!"

लगदा वाळेपर्यंतची ती पाच मिनिटे साचेताई समोरच्या माणसाचा हात आपल्या हातात धरून बसतात. कोणी म्हणते, स्वभावच मायाळू. कोणी म्हणते, धंद्याची रीत. पण त्या हात धरण्याचा उगम फार मागे आहे, तिसरीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर.

तेव्हा त्या साचेताई नव्हत्या. शिंपीकाम करणाऱ्या बापाच्या चार मुलींतली शेवटची, म्हणून नुसती 'धाकटी' होती. तोंडाची टकळी अखंड चालू. बाई वैतागल्या आणि एक दिवस म्हणाल्या, "ऊठ. मागे जाऊन बस त्या बोळीजवळ. बघू आता किती बडबडतेस!"

बोळी ही वर्गात मधूनच आलेली मुलगी. आई देवाघरी गेलेली, बाप परमुलखात कामाला, तो वर्षातून एकदा उगवायचा. पोर आत्याच्या पदरात टाकलेली. तिचा उजवा कान सतत वाहायचा. त्यात कापसाचा बोळा असायचा, तो आठवडा आठवडा बदलला जात नसे, म्हणून ते नाव. जवळ बसवत नसे असा वास यायचा. शिवाय मागून कोणी हात लावला की ती वळून चावायची. वर्गातल्या दोघांच्या मनगटांवर तिच्या दातांच्या खुणा होत्या.

धाकटी दयेने नव्हे, शिक्षा म्हणून तिच्याशेजारी जाऊन बसली. आणि काय नवल! आजवर जिला घरात कोणी दोन वाक्ये पुरी करू देत नसे, तिला असा श्रोता मिळाला, जो पापणी न लववता तिच्या तोंडाकडे बघत राही. धाकटी हरखून गेली. पंधरा दिवसांनी तिच्या ध्यानात आले, की ही आपले बोलणे ऐकत नाही, बघते आहे.

"तुला ऐकू येत नाही?"

बोळीने तिच्या तोंडावर हात दाबला. "ओरडू नको ना!"

"मी कुठे ओरडले? हळूच बोलले."

"मग सांगू नको कुणाला. आत्याला कळलं तर ती मला बहिऱ्यांच्या वसतिगृहात टाकेल. तिथे रात्री दार बंद करतात म्हणे."

झाले, दोघींची शपथ झाली. आणि मग दोन चिमुरड्या जीवांनी मिळून एक विद्या घडवली. बाकाखाली धाकटीचे बोट बोळीच्या तळहातावर: एक ठोका म्हणजे उभी राहा, दोन म्हणजे 'हो', तीन म्हणजे 'नाही', आणि गणिताचे उत्तर आले तर बोटाने आकडा काढायचा. शुद्धलेखन धाकटीच्या वहीत बघून. बाई म्हणू लागल्या, "शेजार चांगला मिळाला की पोर कशी सुधारते बघा!" चावणे थांबले. धाकटीची आई शाळा सुटल्यावर तिला दुकानाच्या पायरीवर बसवून कानातला कापूस बदलायची, दोन घास खाऊ घालायची. एकदा ती आत्याकडे गेलीसुद्धा. "अक्का, पोरीचा कान डॉक्टरला दाखवा हो."

आत्या दुष्ट नव्हती, दमलेली होती. पदराने कपाळ पुसत म्हणाली, "माझी पाच आहेत, वहिनी. पाचांतला एक कायम तापाने फणफणलेला. वाढीचं पाणी आहे ते, वयात आली की आटेल. तेल टाकते ना मी."

आता ज्या दिवसावर ही सारी कथा टेकली आहे, तो दिवस ऐका. पाचवीत असताना शाळेत कान तपासायला एक डॉक्टर आणि एक नर्स आली. नर्सच्या हातात पितळेची लहानशी घंटा. मुलाला भिंतीकडे तोंड करून उभे करायचे. मागून घंटा वाजली की त्याने हात वर करायचा. रांग पुढे सरकू लागली तशी बोळीने धाकटीची बाही धरली.

"धाकटे, आज मी पकडली जाणार."

"मी आहे ना! खिडकीच्या काचेत बघ. मी तुझ्या मागेच उभी असणार. मी नाकाला हात लावला की तू हात वर कर."

घंटा आठ वेळा वाजली. आठ वेळा धाकटीने नाक खाजवले. आठही वेळा बोळीचा हात वर गेला. नर्स कौतुकाने म्हणाली, "वर्गात सगळ्यांत तल्लख कान हिचे!" आणि कागदावर तसे लिहिले. मैदानाच्या टोकाला जाऊन दोघी पोट धरधरून हसल्या. "नाक लाल झालं ना तुझं!" बोळी म्हणाली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने आपणहून धाकटीच्या गळ्यात हात टाकला. देवा, त्या मिठीत पाप कुठे होते? लबाडी होती, पण ती प्रेमाची होती. आणि तरी त्याच क्षणी, त्याच मिठीत, एका लेकराच्या कानाचे दार कायमचे लागत होते.

कारण त्या तपासणीत तीन मुले सापडली. त्यांना मोठ्या इस्पितळात नेले. त्यांतला एक दोन महिन्यांनी परतला तो खडखडीत बरा होऊन. बाई फळ्याकडे तोंड करून पुटपुटल्या तेही त्याने ऐकले आणि वर्गभर सांगितले. सगळे हसले. धाकटी हसली नाही. आपण काय केले ते तिला उमगले. सांगावे का? बाईंना सांगितले तर दोघी लबाड ठरणार, बोळीला वसतिगृहात टाकणार. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर्ष सरले. तिच्या वडिलांनी दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवले आणि तिची शाळा बदलली.

तळहातावरचे बोट गेले, आणि बोळी एका परीक्षेत कोसळली. हाक मारली तरी बघत नाही, म्हणून उद्धट ठरली. छड्या खाल्ल्या. पुन्हा चावू लागली. शाळेने नाव काढले. धाकटी एकदा आईला घेऊन तिकडे गेली, तर घराला कुलूप, शेजारीण म्हणाली, "पोरीला मोठा ताप आला होता, दोन्ही कान गेले. आत्या सगळ्यांना घेऊन दुसऱ्या गावी गेली." कुठल्या गावी, ते शेजारणीला ठाऊक नव्हते.

पुढे एकोणिसाव्या वर्षी धाकटी श्रवणयंत्रांच्या पाटीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "मला काहीही काम द्या, पण इथेच द्या." लग्न झाले, दोन मुलगे झाले, केस पिकले. नव्या माणसाची चिठ्ठी हाती आली की दरवेळी आधी वय बघायची. आपल्या वयाची बाई असली की मान वर करून चेहरा निरखायची. तीस वर्षे निरखले.

आणि एका मंगळवारी दुपारी एक बाई आली. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा, सोबत आठ वर्षांची मुलगी. चिठ्ठी लिहिणाऱ्याने विचारले, "तपासणी पहिल्यांदाच का?" बाई दुसरीकडे बघत होती. मुलीने आईचा तळहात आपल्याकडे ओढला आणि त्यावर दोन ठोके दिले.

"हो," बाई म्हणाली.

खोलीच्या दारात उभ्या असलेल्या साचेताईंच्या हातातली पिचकारी खाली पडली.

त्या पुढे गेल्या, तिचा हात घेतला, आणि नाक खाजवले. बाई बघत राहिली. मग तिच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असे ओरडली, "धाकटे! म्हातारी झालीस की गं!"

"आणि तू काय कोवळी राहिलीस?" रडता रडता ताई म्हणाल्या. ओठ बघून बोळीने ते टिपले आणि खदाखदा हसली.

मग कळले ते असे. बोळी मोठ्या धुलाईच्या कारखान्यात कपड्यांना इस्त्री करणाऱ्या वाफेच्या प्रेसवर कामाला. वरची तापलेली पाटी खाली येण्याआधी घंटा होते. त्या घंटेला हात मागे घ्यायचे. घंटा तिला ऐकू येत नाही, म्हणून मुलगी दिवसभर शेजारच्या पिंपावर बसते आणि घंटा झाली की आईच्या पाठीवर ठोका देते. मुलीने शाळा पाहिलेली नाही. नवरा कधीचाच निघून गेला.

"एक संस्था फुकट यंत्र देते म्हणतात, पण थोडं तरी ऐकू येत असेल त्यालाच. यंत्र मिळालं की हिला शाळेत घालणार," बोळी म्हणाली. "नाव पण लिहून ठेवलंय. जूनमध्ये."

"पण आई नापास झाली तर नाही ना देणार?" मुलीने ताईंना विचारले.

आवाजाच्या बंद खोलीत पेटीतून सूर येतात. ऐकू आला की बोट वर करायचे. आईला समजावून सांगायला म्हणून तपासणाऱ्या बाईंनी मुलीलाही आत बसू दिले. काचेबाहेर ताई उभ्या होत्या. सूर आला, बोट वर गेले. पुन्हा सूर, पुन्हा बोट. उजवा कान छान ऐकत होता. आणि ताईंची नजर खाली गेली. मांडीवर, ओढणीआड, मुलीचे बोट आईच्या तळहातावर ठोका देत होते.

"बऱ्यापैकी ऐकू येतंय हो, यंत्र लागू पडेल," तपासणाऱ्या बाई आनंदाने म्हणाल्या. "ताई, उजव्या कानाचा साचा घेऊन टाका."

ताईंनी बोळा सरकवला, लगदा भरला, आणि बोळीचा हात हातात घेतला. पाच मिनिटे. जन्मात एवढी लांब पाच मिनिटे त्यांनी काढली नव्हती. गप्प बसावे, तर यंत्र मिळेल, मुलगी शाळेत जाईल. आणि तिकडे घंटा होईल, यंत्र असूनही ऐकू येणार नाही, पाटी खाली येईल, पाठीवर ठोका द्यायला कोणी नसेल. बोलावे, तर जूनमध्ये लिहिलेले ते नाव आपल्याच हाताने पुसायचे. बोळी सुखाने डोळे मिटून बसली होती. आधी मिळू तर दे, मग ऐकू येईलच, अशी तिची भोळी श्रद्धा होती.

लगदा वाळला. ताई उठल्या, आणि जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी जे बोलायचे होते ते त्या दिवशी तपासणाऱ्या बाईंपाशी बोलल्या.

दुसऱ्यांदा तपासणी झाली तेव्हा मुलगी बाहेर बसली होती. पेटीचा आवाज वाढवत वाढवत इतका नेला, की खिडकीची काच थरथरली. बोळी पेटीकडे टक लावून बसली होती, बोट तयार ठेवून, शहाण्या मुलीसारखी. बोट वर गेले नाही. उजव्याला नाही, डाव्यालाही नाही.

"काहीच उरलेलं नाही," तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. "यंत्राचा उपयोग नाही. लहानपणीच जर कोणी..." आणि ताईंचा चेहरा बघून त्या थांबल्या.

बोळीने दोघींच्या तोंडांकडे बघून सारे ओळखले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ताईंचा गाल थोपटत म्हणाली, "तेव्हा बोलायचं होतं, तेव्हा गप्प बसलीस. आज गप्प बसायचं होतं, तर बोललीस. तुझं सगळं उलटंच गं, धाकटे."

ताईंनी तिचा तळहात ओढला आणि बोटाने एकेक अक्षर काढले: शाळा. मुलीकडे बोट दाखवले. मग तोंडाने भराभर सांगू लागल्या: मी शिकवीन, माझ्याकडे ठेव, कारखान्यात सांगून घंटेऐवजी दिवा लावून घेऊ. बोळीने मूठ मिटली. दिवा मागायला गेलेल्या एका बहिऱ्या बाईला कारखान्याने त्याच दिवशी कामावरून काढले होते, एवढे तिने सांगितले. मग ताईंचा हात उलटा करून, हलकेच, समजूत घालावी तसे तिने त्यावर ठोके दिले. एक. दोन. तीन. नाही.

जिन्यावरून उतरताना मुलगी पुढे, आई मागे. वळणावर मुलीने थांबून वर पाहिले. "मावशी, आईला दिसतं मात्र सगळं हं," ती म्हणाली, जणू ताईंचीच समजूत काढायची होती.

नंतर ताईंनी कारखान्याच्या फाटकाशी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला पहारेकऱ्याने सांगितले, त्या मायलेकी काम सोडून गेल्या. कुठे, ते ठाऊक नाही. फुकट गेलेला लगद्याचा ठसा टाकून द्यायचा असा दवाखान्याचा नियम आहे. ताईंनी बोळीच्या ठशाचा साचा घडवला, चाकावर धरून आरशासारखा चकचकीत केला, आणि सगळ्यांत खालच्या खणात ठेवला. चिठ्ठीवर नाव, गाव, वय काही नाही. मिस्त्रीकाकांनी एकदाच विचारले, "हा कोणाचा?" ताईंनी खण सरकवून बंद केला. आजही लगदा वाळेपर्यंत ताई समोरच्याचा हात धरून बसतात.

हे करुणाकरा, तू कानांवाचून ऐकणारा आहेस. जिथे कुठे ती वाफेची पाटी खाली येत असेल, तिथे त्या पोरीचे बोट कधी चुकू देऊ नकोस. आणि एका तरी जूनमध्ये तिला बाकावर बसव. त्या माऊलीचे हात सुखरूप राहोत. आणि साचेताईंच्या घरात, त्यांच्या धन्याच्या, दोन्ही लेकांच्या पाठीवर तुझा हात राहो. त्यांच्या दाराशी आलेले कोणतेही लेकरू न ऐकलेले परत न जावो. जे त्या वेळेवर बोलू शकल्या नाहीत, ते तू ऐकलेस असे त्यांना एकदा कळू दे. तळहातावर दोन ठोके दे, देवा. तेवढे त्यांना पुरेल.