गोदामासमोरचा पत्ता

सकवारबाईंना एक खोड होती. कानावर आलेली गोष्ट स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या एका सरकारी शाळेत त्या कारकून होत्या. घरात तंजावरची मराठी, बाहेर सगळा कारभार तमिळमध्ये.

२००४ च्या जूनमध्ये एक बाई आठ वर्षांच्या मुलीला, धनलक्ष्मीला, पहिलीत घालायला आली. अर्ज भरताना पत्त्याच्या रकान्यापाशी सकवारबाईंचं पेन थांबलं.

"कुठं राहता?"

"मिरचीच्या गोदामासमोर, फुटपाथवर. माझी आईसुद्धा तिथंच राहायची."

मुख्याध्यापक नारायणस्वामींनी अर्ज परत दिला. "ही मुलं चार दिवस येतात, मग गायब. पत्ता नसेल तर शोधायचं कुठं?"

तीन पिढ्या एकाच जागी, आणि पत्ता नाही? सकवारबाईंना हे काही उमगेना. शाळा सुटल्यावर त्या गोदामाकडे गेल्या. भिंतीला बांधलेली ताडपत्री, चूल, खिळ्यांना टांगलेली भांडी. दोन विटा ठेवून प्रत्येक घराने आपली हद्द आखलेली.

"तुम्हाला पत्रं येतात?"

"कोण लिहिणार आम्हाला?" आई म्हणाली.

धनलक्ष्मीने विचारलं, "कुणी लिहिलं तर येईल?"

सकवारबाईंना ते पाहायचंच होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोस्टकार्ड घेतलं. वर मुलीचं नाव, खाली 'मिरचीच्या गोदामासमोरचा फुटपाथ' आणि रस्त्याचं नाव. मजकूर एवढाच: 'पोचलं तर घेऊन ये.'

चौथ्या दिवशी मायलेकी कार्ड घेऊन कचेरीत हजर. नारायणस्वामींनी टपालाचा शिक्का दोनदा निरखला.

"हे कुठल्या नियमात बसतं?"

"नियमात राहत्या जागेचा पुरावा मागितलाय, सर. पोस्टमनला ती सापडली."

त्यांनी अर्ज पुढे ओढून सही केली. "ठीक आहे. पण ती यायची थांबली तर शोधायला तुम्ही जायचं."

तसं जावं लागलंच. पावसात वह्या भिजल्या की धनलक्ष्मी लाजेने शाळा बुडवायची. सकवारबाईंनी कचेरीतल्या कपाटाचा एक खण रिकामा करून तिचं दप्तर तिथं ठेवायला सुरुवात केली. वर्षभरात त्या खणात फुटपाथवरच्या मुलांची अकरा दप्तरं झाली. सगळ्यांचे प्रवेश पोस्टकार्डावर.

२००७ मध्ये ती सगळी कुटुंबं शहराबाहेरच्या वसाहतीत हलवली गेली. सकवारबाई दोन बस बदलून तिथं पोचल्या, शाळा सोडल्याचे अकरा दाखले पिशवीत घेऊन. सात मुलांना तिथल्या शाळेत घातलं. चौघांचा पत्ता कुणालाच सांगता येईना. त्यांचे दाखले त्यांनी परत आणले.

निवृत्त झाल्यावर रविवारी त्या चौघांना शोधत फिरू लागल्या. सोबतीला धनलक्ष्मी, कारण तिला चेहरे ओळखता येत. २००९ मध्ये, ती सहावीत असताना, एका शिवणाच्या कारखान्यात त्यांना चौघांपैकी सुष्मिता भेटली. ती कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून धागे कापत होती. बाईंनी पिशवीतून तिचा दाखला काढून तिच्या हातात ठेवला.

तिने आपलं नाव हळूहळू वाचलं. "मी दोन वर्षं गेलेच नाही. आता घेतील?"

"मला माहीत नाही," सकवारबाई म्हणाल्या. "उद्या सोमवार आहे. आईला सांग, शाळेत न्यायला मी नऊला इथंच येते."