वईचा खालचा कोपरा

लग्न करून मी रत्नागिरीहून आखातातल्या फुजैऱ्याला आले ती साठच्या दशकातली गोष्ट. समुद्र आणि वाळू यांपलीकडे तिथं काही नसेल, असंच मला वाटलं होतं. पण माझ्या सासऱ्यांच्या अकरा गाई होत्या. तरुणपणी ते गलबतावरून आले आणि एका अरब कुटुंबाची डोंगराखालची जमीन कसायला घेऊन तिथंच राहिले. खजुरीच्या बागेत लसूणघास, बागेपलीकडे कुरण आणि कुरणाभोवती वई, म्हणजे कुंपण. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. नवरा दुबईच्या बंदरात कामाला. डांबरी रस्ता नव्हता, वादीतून, म्हणजे डोंगरातल्या नदीच्या कोरड्या पात्रातून, जीपने धक्के खात महिना-दीड महिन्याने यायचा. म्हणून वई राखायला सासरे, म्हणजे आमचे अब्बा, आणि मी, दोघंच.

आमच्या गावाकडे वईला निवडुंग किंवा शेर लावतात. इथं खजुरीच्या झावळ्या. त्या उभ्या करून सुंभाने खांबांना आवळायच्या. झावळीच्या बुडाशी बोटभर काटे. पहिले काही महिने माझ्या तळहातांना रोज एरंडेल लागायचं. बाहेरून उंट माना घालून झावळ्या ओढायचे, बकऱ्या खालून शिरायच्या. दर जुम्याची नमाज झाली की आम्ही वईभोवती फेरी मारायचो. अब्बा पुढे चालत गावाकडच्या आंब्याच्या कलमांच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या कलमाला कुठल्या साली मोहर आला, हे त्यांना इतक्या लांबून पाठ होतं.

एका हिवाळ्यात डोंगरात पाऊस झाला आणि वादी भरून आली. खालच्या बाजूची सगळी वई वाहून गेली. तीन दिवस आम्ही खांब रोवत होतो. तिसऱ्या दिवशी ऊन कलताना शेवटचा कोपरा माझ्याकडे होता. झावळीला खाली सुंभाचे दोन बांध हवे होते, मी एकच घातला. अब्बांनी लांबून विचारलं, "खलास?" मी म्हटलं, "खलास."

सकाळी लाल गाय नव्हती. तिचे दिवस भरले होते. कोपऱ्यातली झावळ आडवी पडली होती. अब्बांनी सुंभाचा तुकडा उचलून पाहिला आणि म्हणाले, "सुंभ जुनं होतं, मी नवं काढून द्यायला हवं होतं." मी पडलेली झावळ उचलून बाजूला ठेवली.

दुपारपर्यंत आम्ही वादीच्या कडेने खुरांच्या खुणा शोधत चाललो. अब्बांना दम लागत होता, पण ते बसले नाहीत. शेवटी एका म्हाताऱ्या अरब बाईच्या बागेत गाय सापडली. रात्री व्यायली होती. बाईने आपल्या अंगावरच्या शालीने वासरू पुसून काढलं होतं आणि ती शाल तशीच कुंपणावर वाळत घातली होती. अब्बा तिच्याशी अरबीत बोलत राहिले, मी वासराच्या ओल्या कपाळावर हात ठेवून बसले. तिने आम्हाला खजूर आणि कहवा दिल्याशिवाय सोडलं नाही.

परतताना अब्बांनी वासरू खांद्यावर घेतलं. गाय हंबरत मागे. मला राहवलं नाही. "अब्बा, सुंभ चांगलं होतं. मी एकच बांध घातला होता."

ते चालत राहिले. वासरू खांद्यावर सारखं करून म्हणाले, "उद्या तो कोपरा तू एकटीच बांध. मी बघायला येणार नाही."

मला ती शिक्षा वाटली. दुसऱ्या दिवशी मी दुपारपर्यंत एकेक बांध आवळत बसले. ते खरंच आले नाहीत. जुम्याला फेरी मारताना ते प्रत्येक खांब हलवून बघायचे, तसे त्या दिवशीही बघत आले. माझ्या कोपऱ्याशी मात्र न थांबता, आंब्यांविषयी बोलत पुढे गेले. तेव्हा मला कळलं, ती शिक्षा नव्हती.

अब्बांच्या माघारी गाई विकल्या आणि आम्ही दुबईला करामात फ्लॅट घेतला. नातवंडांना मी हे सांगते तेव्हा ती इंग्रजीत विचारतात, फुजैऱ्यात गाई? मी हो म्हणते, अकरा. आणि प्रत्येकीचा रंग सांगत बसते.