चोकच्या तारेला बोटभर ढील

आज संध्याकाळी आमची जुनी गाडी सुरू झाली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सायलेन्सरमागे उभं राहून धूर स्वतःच्या नाकात घेतला आणि "हो, चालू आहे" असं मान्य केलं... त्यामुळे बातमी पक्की समजावी.

कोलशेतला आमच्या सोसायटीत पार्किंगची मारामारी आहे. रविवारी कमिटी खाली उतरणार, आणि जी गाडी आपल्या आपण गेटबाहेर जाऊन परत येणार नाही ती भंगारात, असं मीटिंगमध्ये ठरलं. माझा हात वर होता की नव्हता, कोणी बघितलं नाही.

गाडी मी आणि माझी बायको शुभा, दोघंही चालवायचो. शुभा गेल्यापासून ती कव्हरखालीच होती. मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, द्या ना काढून. त्याचं चूक नाही. पण घरातल्या तिच्या वस्तू एकेक करून गेल्या, आणि तिच्या हाताला जुळवलेली अशी आता ही एकच उरलीय...

बिघाड तसा छोटा. डॅशबोर्डवरचं चोकचं बटण ओढलं की एक तार कार्बोरेटरवरची दांडी ओढते, हवेची झडप मिटते आणि थंड इंजिन पेट घेतं. ती दांडीच गंजून तुटली होती. शहाडला आमचा जुना मिस्त्री आता नाही, पण त्याच्या शेजारच्या दुकानात तशीच दांडी आणि नवी तार मिळाली. व्हिडिओ बघून आज दुपारी बसवायला घेतली.

बसवली. पण तार किती ताणायची ते एकट्याला कळत नाही. एकाने आत बसून बटण ओढायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली वाकून झडप बघायची... हे दोघांचं काम. आमच्याकडे आत बसणारी ठरलेली होती. मी म्हणायचो "ओढ", ती म्हणायची "ओढलं", आणि वर एखादा टोमणा.

मग मी शक्कल लढवली. मोबाइल इंजिनवर टेकवून रेकॉर्डिंग सुरू केलं, आत जाऊन बटण ओढलं, बाहेर येऊन व्हिडिओ बघितला. झडप नीट दिसत होती. पण सुरुवातीला, मी अजून बॉनेटपाशीच असताना, माझाच आवाज होता. "ओढ."

आणि मग थोडा वेळ काहीच नाही. मी वाट बघत होतो बहुतेक...

तो व्हिडिओ मी लगेच डिलीट केला.

मागून हिराबाई म्हणाल्या, "कोनाशी बोलताव, भावजी?"

आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या घरातल्या या हिराबाई. तळमजल्याला राहतात, संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. शुभा त्यांना गाडीतून बाजाराला न्यायची, येताना डिकीत मासळी असायची आणि दोन दिवस वासावरून माझी कुरकुर. शुभा गेल्यावर आमचं बोलणं "जेवलात का" एवढ्यावरच आलं होतं.

मी अडचण सांगितली. त्या आत जाऊन बसल्या आणि हातातली कापडी पिशवी सरळ चोकच्या बटणाला अडकवली. बटण बोटभर बाहेर आलं. इकडे झडप अर्धी मिटली.

मी म्हटलं, हिराबाई, तिथे काही टांगू नका, सगळा हिशोब बिघडतो. आणि म्हणता म्हणता थांबलो... कारण हेच वाक्य मी वर्षानुवर्षं शुभाला ऐकवलं होतं. ती पर्स तिथेच टांगायची. चोक ओढलेला राहतो, पेट्रोल उडतं, इंजिन काळं पडतं, मी समजावून थकलो. ती म्हणायची, काही होत नाही. आणि खरंच काही व्हायचं नाही. का, ते मला कधी कळलं नाही.

हिराबाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं की एकदा मी पेपरच्या ऑफिसात असताना दोघी गाडी घेऊन शहाडला मिस्त्रीकडे गेल्या होत्या.

"वैनी त्याला बोलल्या, पर्स काय मी काढायची नाय, तूच तार सैल कर. आन सायबांना सांगू नको, नायतं पेपरात छापतील."

मी जुनी तार कचऱ्यातून काढून बघितली. स्क्रूचा चावा हवा त्यापेक्षा बरोबर बोटभर टोकाकडे होता, म्हणजे तार तेवढी सैल ठेवलेली. दुपारी तो बघून मी मिस्त्रीला कामचुकार ठरवून मोकळा झालो होतो. थंडीत गाडी दोन-तीनदा खाकरून मगच सुरू व्हायची, त्याचंही कारण हेच. माझा हट्ट आणि तिची सवय, दोन्ही सांभाळून घ्यायला तिने बोटभर ढील ठेवली होती... आणि भांडणात मला जिंकूही दिलं नव्हतं.

व्हिडिओत म्हणतात, ढील अजिबात नको. मी स्क्रू सोडला, तार बोटभर सैल केली, पुन्हा आवळला.

"ओढा," म्हटलं.

"वढला," आतून आवाज आला. "आता काय रातभर बगत बसनार?"

गाडी दोनदा खाकरली आणि सुरू झाली. धूर इतका झाला की सेक्रेटरी संध्याकाळचं चालणं सोडून आले. मी बॉनेटखालून डोकं लवकर बाहेर काढलं नाही, धुराचं निमित्त बरं होतं. हिराबाईंनी आत बसून दिलेल्या त्या एका उत्तराचं ऋण मला फेडता येणार नाही.

रविवारी सकाळी कमिटी येईल. गाडी गेटबाहेर जाईल, खाडीच्या रस्त्याने वळून परत येईल असा अंदाज आहे. पुढची सीट हिराबाईंनी आजच सांगून ठेवलीय. पिशवी घेऊन येणार आहेत... टांगायला.