चिकू बियांपासून येतो

२०१६च्या जूनमध्ये मी मुलीला कैनाडच्या जिल्हा परिषद शाळेतून काढलं आणि डहाणू रोडच्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये चौथीत घातलं. इंटरनॅशनल म्हणजे काय, हे विचारलं नाही. आमचं परदेश म्हटलं तर गुजरातेतलं उंबरगाव, तिथेही आम्ही भाजी घेऊन जातो. पण गेटवरच्या वॉचमनने मला सलाम ठोकला. गावच्या शाळेत माझं तोंड दिसलं की गुरुजी पत्रे ठोकायला छपरावर चढवायचे. एवढ्यावरच निर्णय झाला.

गुरुजी घाटावरचे. मुलगी तिसरीत असताना ते अख्खा वर्ग घेऊन आमच्या चिकूच्या वाडीत आले आणि सांगू लागले, चिकूचं बी पेरलं की झाड येतं. आमच्याकडे कलमं बांधणारे म्हातारे काका होते. त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"गुरुजी, तुमच्या गावाला असं करतात काय? तरीच तिकडे चिकू दिसत नाय."

पोरं हसली. गुरुजीही हसले आणि मातीत मांडी घालून बसले. "चुकलं माझं. दाखवा काका." बियांच्या झाडाला फळ धरायला वर्षं लागतात, म्हणून रायणीच्या रानटी रोपाला चिकूची फांदी कशी जोडायची, सुतळी किती आवळायची, हे त्या दिवशी वर्गाबरोबर गुरुजीही शिकले. माझ्या मुलीने बांधलेलं कलम जगलं.

नव्या शाळेत चाचणीत प्रश्न आला, चिकूचं नवीन झाड कशापासून तयार करतात? तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत रायण, फांदी, सुतळी, सगळं लिहिलं. बाजूला चित्रही काढलं. त्यावर लाल फुली. पुस्तकात बी होतं. 'चिकू बियांपासून येतो' हे इंग्रजीत दहा वेळा लिहून आणायची शिक्षा झाली. तिने तीन दिवस एक अक्षर लिहिलं नाही, तेव्हा मला बोलावणं आलं.

"पप्पा, तुम्ही सांगाल ना त्यांना?"

"सांगतो म्हणजे काय. बागायतदार आहे मी."

"मराठीतच बोला हो," बायको म्हणाली. "तिथे जाऊन इंग्रजी पाजळू नका."

अर्थात मी कैनाडपासून डहाणू रोडपर्यंत मोटरसायकलवर एकच वाक्य घोकत गेलो. मॅडम, धिस आन्सर इज करेक्ट. प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये एसी होता, प्लास्टिकची झाडं होती आणि भिंतभर मुलांना कुतूहल कसं असावं याचे इंग्रजी तक्ते होते. मॅडम इंग्रजीत सुरू झाल्या. शिस्त, पुस्तक, बोर्ड एवढं मला कळलं. मध्येच त्यांचा फोन वाजला. "बोंबील चांगले सुकलेले असतील तरच ठेव गं, संध्याकाळी येते," असं त्या अस्सल आमच्या मराठीत म्हणाल्या, फोन ठेवला आणि पुन्हा इंग्रजीत गेल्या.

माझी पाळी आली. तोंडातून निघालं, "मॅडम, धिस आन्सर… थँक्यू."

त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. पाल्य पाठ्यपुस्तकाप्रमाणेच उत्तरं लिहील, पालक सहकार्य करतील. तीन एकर चिकूचा मालक, ज्याच्या वाडीत बियांचं एक झाड नाही, त्याने खाली झोकात सही केली. वॉचमनने जातानाही सलाम ठोकला. कशाबद्दल, हे त्यालाच माहीत.

घरी मुलगी ओट्यावर वाट बघत होती. "काय म्हणाल्या?"

"लिहून टाक. दहाच तर ओळी आहेत."

"तुम्ही सांगितलंत का?"

"सही केली," मी म्हणालो.

ती आत गेली. मला वाटलं, आता रडारड होणार. बायकोने माझ्याकडे बघितलंही नाही, ती तांदूळ निवडत राहिली. अर्ध्या तासाने मुलीने वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. नऊ ओळी होत्या, सुबक, एकाखाली एक.

"दहावी तुम्ही लिहा," ती म्हणाली. "तुम्हाला पटलंय ना."

मी पेन घेतलं आणि लिहिली. तिने वही उचलली, माझी ओळ वाचली, आणि दोन ठिकाणी स्पेलिंग सुधारून दप्तरात टाकली.