काळी राहायला हवी होती ती काच

आमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले गंडेदोरे, उतारे कायमचे बंद झाले. त्यात मी शिकले विज्ञान. असलं काही मी कधी लिहीन असं कुणी म्हटलं असतं, तर हसले असते...

ऐंशीच्या दशकाचा शेवट. गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात मी संशोधन करत होते. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या चेतापेशी काचेवर वाढवायच्या. पेशीचा धागा वाढताना त्याच्या टोकाला इवलासा पंजा असतो — ग्रोथ कोन. तो चाचपडत वाट शोधतो. त्या पंजालाच चिकटणारी एक अँटीबॉडी घालायची, मग तिला धरणारी हिरव्या रंगाची दुसरी. खास दिव्याखाली पंजे चमकतात. एका काचेवर मात्र पहिली अँटीबॉडी मुद्दाम घालत नाहीत. ती काळीच दिसली पाहिजे, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.

माझा थोरला भाऊ, अण्णा, बीदरजवळच्या कोळारला कारखान्यात होता. पत्र्यानं त्याचं उजवं मनगट कापलं, आतली नस तुटली. जखम भरली, पण बोटं बधिर झाली. चटका बसला तरी कळेना. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्याची चार वर्षांची गौतमी गोवरानं गेली होती.

एके दिवशी गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी हाताची आशा सोडा म्हणून सांगितलं. दुपारी तो माझ्याकडे आला. नसेचे धागे कसे वाढतात ते बघून त्याला जरा बरं वाटावं म्हणून पडदे ओढले, सूक्ष्मदर्शक लावला.

"आधी ही काच बघ अण्णा. हिच्यात काही दिसणार नाही."

त्यानं वाकून डोळा लावला. मग म्हणाला, "दिसायलंय की गं. हिरवं... लेकराचा हात हाय."

मी त्याला सरकवून पाहिलं. सगळा काळोख, आणि मधोमध एकच पंजा — बोटं पसरलेली, लखलखीत. काचेवरची चिठ्ठी तपासली. काच तीच होती.

वळले तर अण्णा आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

"शांते, कुणीतरी बोट धरलंय माझं."

मी त्याचं ते बोट जोरात चिमटलं. "हे कळतंय?"

"न्हाई. तुझं न्हाई कळायलं. तिचं कळायलंय."

तो पुन्हा वाकला. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "ह्या दिव्याखाली रंग टिकत नाही. बघू तेवढा विझत जातो."

तो झटकन मागे झाला. "मग कामून चालू ठेवलास? बंद कर. बंद कर की गं!" आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. गौतमीच्या मातीलासुद्धा तो असा रडला नव्हता.

मी दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांनी पाहिलं तेव्हा काच काळी होती. एखादा थेंब चुकून पडला असेल, म्हणाले. असेलही. तुटलेली नस कधीकधी भास देते, असं डॉक्टर म्हणाले. तेही खरं असेल. पण दोन्ही एकाच वेळी?

अण्णानं काच पाहिली त्याच संध्याकाळी मी त्याला हुमनाबादच्या बसपर्यंत सोडायला गेले. तो माझ्यापुढे चालत होता, उजव्या अंगाला किंचित झुकून, अगदी हळू. रस्ता ओलांडताना थांबला, खाली बघून काहीतरी बोलला.

बस रिकामीच होती. खिडकीजवळची जागा मोकळी सोडून अण्णा अलीकडे बसला.